ऑडिटरची सही म्हणजे नेमकं काय? सुरतच्या ठेवीदारांनी समजून घ्यावं असं

इच्छापोर (सुरत) : हजिरा पट्ट्यात आणि हिरे-दागिन्यांच्या कामात पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसाची कमाई बहुतेक वेळा बँकेतच असते. म्हणून एक प्रश्न हमखास येतो, "ऑडिटरची सही असताना पैसे जातातच कसे?"

ताजं उदाहरण न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं. मुख्यालय मुंबईत, पण शाखा सुरतेतही. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि पैसे काढणं बंद झालं. पुढं सुमारे १२२ कोटींची रोकड गायब असल्याचा गुन्हा दाखल झाला. आर्थिक गुन्हे शाखेनं तेव्हा सांगितलं, की प्रभादेवीच्या तिजोरीची क्षमता जेमतेम १० कोटींची होती, पुस्तकांत मात्र १२२ कोटी हातात दिसत होते.

साधा हिशेब करा. ५०० च्या नोटांत १२२ कोटी म्हणजे २४,४०० बंडलं! रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत जे दिसलं, ते आधी कुणालाच का दिसलं नाही? लेखापरीक्षकांनाही पोलिसांनी चौकशीला बोलावलं. दोष कुणाचा, ते कोर्ट ठरवेल.

घोडं अडतं कुठं?

ऑडिटर प्रत्येक व्यवहार तपासत नाही, नमुना घेतो. त्यामुळे कुठं जास्त खोल जायचं, हा निर्णय त्याचाच. इथंच कामाचा दर्जा आणि सचोटी एकत्र येतात. कागदावरचा आकडा मान्य करणं सोपं, तिजोरी उघडायला लावणं अवघड. त्यात ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्याकडूनच फी मिळते. वर्षानुवर्षांची ओळख झाली, की "साहेब, बघून घ्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. सीएंच्या आचारसंहितेत स्वार्थ, अतिपरिचय आणि दबाव हे धोके म्हणूनच नोंदवलेत.

रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये नियम केला, तोही यासाठीच : बँकेचा वैधानिक ऑडिटर सलग ३ वर्षंच, नंतर त्याच बँकेत ६ वर्षं नाही. पण माणूस बदलला तरी वृत्ती बदलेलच असं नाही.

आपण काय करायचं?

सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक अहवाल रद्दीत टाकू नका. ऑडिटरचे शेरे वाचा आणि सर्वसाधारण सभेत विचारा, "रोकड प्रत्यक्ष मोजली का?" सीएच्या सहीखालचा १८ अंकी यूडीआयएन त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्यातून कागद खरा की बनावट एवढं कळतं, काम नीट झालं की नाही ते कळत नाही.

आणि एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचं संरक्षण व्याजासह ५ लाखांपर्यंतच, हे विसरू नका.

४ ऑगस्ट २०२५ ला ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवीदार सुटले. दरवेळी सारस्वत धावून येईलच, असं नाही.