काटेरी वाटेचा टायर

पहाटे तुकोगंजातून महूच्या रस्त्यास लागलेली सायकल वेळेवर घरी परतेल की नाही, हे पुष्कळदा बाभळीच्या एका काट्यावर अवलंबून असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांच्या रेसिंग सायकलीने तीनदा दगा दिला, तेव्हा टायरचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

हलका टायर वेगवान खरा, परंतु पातळही. काट्यास दाद न देणाऱ्या टायरमध्ये पुष्कळदा रबराखाली ॲरामिड धाग्यांचा पट्टा असतो. या जातीचा केव्लार हा धागा 1965 साली स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. गोळीरोधक जाकिटांतही तो वापरतात. असा टायर किंचित जड असतो, पण काटा वा काच सहसा ट्यूबपर्यंत पोहोचू देत नाही. चौकटीत जागा असल्यास 25 ऐवजी 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचा घ्यावा. चाकाचे माप व हवेचा कमाल दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. तो पाहूनच हवा भरावी.

आणखी एक. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवून पाहावे. रुतून राहिलेला काटाच पुन्हा पंक्चर करतो. आमची तिसरी फजिती अशीच झाली होती!