जुनी पिकअप किंवा टेम्पो वापरता? माल भरण्याआधी खालून बघा



पावसाळा संपला की आपण गाडी वरून धुतो, पण गंज खातो खालून. कोपरीला ठाणे खाडी जवळ, त्यामुळे हवा खारट. त्यात चिखल आणि हौद्यात सांडलेलं खत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. ओल धरली की तेही मिठासारखंच लोखंड खातं.

वरवरचा लाल गंज घासून निघतो. फुगलेला, पापुद्रे सुटणारा गंज मात्र धोक्याचा.

*काय बघायचं?*
1) चेसिस, खास करून पाटे बसतात ती जागा. स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. टोक आत गेलं तर माल भरू नका.
2) ब्रेकचे लोखंडी पाइप. हे टोचू नका, नुसते बघा. ब्रेक ऑइल कमी होतंय किंवा पेडल खाली जातंय, तर गाडी चालवू नका.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या.

कुजलेल्या चेसिसवर पत्रा मारून रंग दिला तर गंज झाकेल, भार पेलणार नाही. कुजका भाग जाणकाराकडून कापून बदलून घ्या. गंजावर थेट काळा कोटही नको, ओल आत अडकते. आधी घासा, प्राइमर मारा, मग कोट.

8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. तोवर थांबू नका. खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा झाडा, गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा आणि सुकू द्या.