सुरांची नावे

बारसे म्हणजे घरातील मोठा आनंदाचा दिवस. पाळणा फुलांनी सजविलेला असतो, सुवासिनी पाळणागीत गातात, आत्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगते आणि जमलेल्या मंडळींना घुगऱ्या वाटल्या जातात. बाळाला त्या वेळी काहीच उमगत नाही. परंतु कानात सांगितलेले ते नाव जन्मभर त्याची सोबत करते. म्हणूनच वडीलधारी माणसे नाव निवडताना आपल्याला जे पूज्य आणि प्रिय, त्याचीच आठवण करतात.

पूर्वी ही नावे बहुधा देवदेवतांची, नद्यांची अथवा आजा-आजीची असत. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत मात्र संगीतही देवतेच्या मानाने नांदू लागले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ साली मुंबईत आले. त्यांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली गिरगावच्या परिसरात संगीतशाळा काढली. गणेशोत्सवात गिरगावात नामांकित गवयांच्या मैफली होत आणि चाळीतील लोक गॅलरीत बसून त्या ऐकत. परळ-लालबागच्या गिरणगावात भजनी मंडळांचे टाळ आणि शाहिरांचे डफ घुमत. अशा कानांना सुरांचीच नावे गोड वाटू लागली, यात नवल ते काय?

रागांची नावे मुलामुलींना शोभण्यासारखीच आहेत. ललित पहाटेचा राग, आसावरी सकाळची, सारंग भर दुपारचा, केदार रात्रीचा. आणि भैरवीने तर मैफलीची सांगता होते. या नावांची पाच मुले एकाच चाळीत खेळू लागली, तर त्यांना हाका मारता मारताच दिवसाचे प्रहर मोजता येतील! अर्थात प्रत्येक केदार रागावरूनच आलेला असतो असे नाही. केदार हे शंकराचे नाव आहे. सारंग म्हणजे हरीणही होय. आणि मल्हार म्हटले की पावसाळी रागाइतकीच जेजुरीच्या खंडोबाची आठवण होते. एकाच नावात असे दोन अर्थ सुखाने राहू शकतात.

पुढे लोकांनी स्वरांचीही नावे घेतली. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत आणि निषाद हे सात स्वर. त्यांपैकी गंधार व निषाद ही नावे आता मुलांना ठेवली जातात. संगीतकार राहुलदेव बर्मन यांना सारे जण ‘पंचम’ म्हणत. प्राचीन ग्रंथांत या स्वरांचे नाते पशुपक्ष्यांच्या आवाजांशी जोडलेले आहे: षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, निषाद हत्तीचा.

कधी नाव रागावरून नव्हे, तर रंगभूमीवरून येते. गायक नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांना १९२९ साली कन्या झाली. तिचे नाव प्रथम हेमा असे होते. पुढे ‘भावबंधन’ या नाटकातील लतिका या पात्रावरून ती लता झाली. लता म्हणजे वेल. हा साधा शब्द त्या मुलीच्या गाण्यामुळे जगभर पोहोचला.

कधी एखाद्या थोर वादकाचे किंवा संगीतकाराचे नाव दूरच्या घरी जाते. १९३६ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात जन्मलेले झुबिन मेहता पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे विख्यात संचालक झाले. १९७२ साली ईशान्य भारतातील एका संगीतप्रेमी आसामी घरात मुलगा जन्मला, त्याला त्यांचेच नाव मिळाले. तोच पुढे आसामचा लाडका गायक झुबीन गर्ग झाला. २०२५ साली तो निवर्तला, तेव्हा सारा आसाम शोकाकुल झाला.

मात्र मोठे नाव मिळणे सोपे. ते सांभाळणे अवघड. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळी या बालकाचे गाणे ऐकून लोक थक्क होत. लहानपणीच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. गंधर्व म्हणजे देवलोकीचे गायक. एवढे नाव लाभूनही हा मुलगा गिरगावात देवधरांपुढे शिष्य म्हणून बसला आणि वर्षानुवर्षे शिकला. पुढे ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. ते मध्य भारतातील देवास येथे राहावयास गेले. सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. गंधर्व म्हणविणाऱ्याने मुके राहावे, याहून कठीण परीक्षा कोणती? परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकत राहिले. एक फुप्फुस निकामी झाले असतानाही ते पुन्हा गाऊ लागले आणि आपल्या नाव्या ढंगाच्या गायकीने त्यांनी ते नाव सार्थ केले.

शाळेत हजेरी घेताना ‘निषाद’ किंवा ‘आसावरी’ असे अनोळखी नाव उच्चारले गेले, की काही मुले हसतात. नाव धारण करणारे मूल मान खाली घालते. वस्तुतः त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. ते नाव ज्यांनी निवडले, त्यांनी आपल्या आवडीची सर्वांत सुंदर वस्तू त्याला दिलेली असते. हसणाऱ्याने त्या नावाचा अर्थ विचारावा, आणि ज्याचे ते नाव आहे, त्याने तो आपल्या घरी विचारून ठेवावा. असा एक प्रश्न विचारला, तर वर्गातील सर्वांनाच एक नवा राग किंवा एक नवा स्वर कळेल. आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत तेच नाव परके वाटणार नाही.