शेडबाहेरील कामाचे टेबल आणि वाळवी

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधील घटना. तेलंगणातील लाल मातीच्या एका प्रक्षेत्रावर, अवजारांच्या शेडबाहेर असलेल्या लाकडी टेबलावर प्रकाश सापळ्यांतील नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. एका सहकाऱ्याने भरलेला नॅपसॅक पंप टेबलाच्या कडेला टेकवला आणि टेबलाचा मागचा पाय मुळाशी मोडला. खरिपातील सात आठवड्यांचे नमुने चिखलात गेले. कीटकशास्त्रज्ञाच्या टेबलाचा पाय वाळवीने खावा, यावर जे विनोद झाले ते येथे देत नाही.

मोडलेला पाय पाहण्यासारखा होता. बाहेरचा हिरवा रंग शाबूत होता. आत मात्र लाकडाऐवजी माती होती. आंब्याच्या लाकडाचे ते पाय थेट जमिनीत पुरलेले होते. आमच्या भागात मुख्यतः आढळणारी ओडोन्टोटर्मिस वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि त्या शेतीसाठी लाकूड, पालापाचोळा गोळा करून नेते. तिला ओलावा आणि अंधार लागतो. मुंग्या हे तिचे मोठे शत्रू. त्यामुळे उघड्यावर यावे लागले तर ती मातीची बोगद्यासारखी नळी बांधून त्यातून चालते. पाय मातीतच पुरलेला असेल तर नळी बांधण्याचीही गरज उरत नाही. खालून आत शिरायचे आणि रंगाच्या पापुद्र्यामागे निवांत खायचे. रंग वाळवीला रोखत नाही. तो आपली दृष्टी रोखतो.

नवे टेबल बांधताना म्हणूनच ‘वाळवी येणार नाही’ अशी अपेक्षा ठेवली नाही. ती येईल, पण दिसल्यावाचून येणार नाही, एवढेच साधायचे ठरवले. काँक्रीटचे चार ठोकळे 45 सेंमी खोल घातले आणि जमिनीवर 15 सेंमी उघडे ठेवले. त्यांवर गॅल्व्हनाइज्ड अँगलचे पाय बोल्टने बसवले. वाळवी काँक्रीट किंवा लोखंड खात नाही, पण त्यांवरून नळी मात्र सहज नेते. राखाडी ठोकळ्यावरील लाल मातीची ती रेघ दहा पावलांवरून ओळखू येते. टेबलाखाली दहा सेंमी जाडीची खडी पसरली, म्हणजे गवत वाढत नाही आणि पावसाचा चिखल उडत नाही.

जागेबाबत पूर्वी मोठी चूक झाली होती. जुने टेबल शेडच्या भिंतीला चिकटून होते. पत्र्याच्या पागोळ्या त्याच्या पुढच्या कडेवर पडत आणि मागची बाजू कोणी कधी पाहिलीच नाही. आता टेबल भिंतीपासून एक मीटर दूर आहे. पागोळ्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात आणि माणसाला मागून फिरता येते.

माथ्यासाठी तांदूरची फरशी वापरावी, असे अनेकांनी सुचवले. फरशीला कीड नाही हे खरे; पण पंपाचा नोझल ठोकून काढायचा, विळ्याची मूठ बसवायची, व्हाइस घट्ट आवळायचा, तर लाकूडच हवे. प्रश्न कोणत्या लाकडाचा. भारतीय लाकडांच्या टिकाऊपणाचे वर्गीकरण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील चाचण्यांवर आधारलेले आहे. लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात हे पाहतात. सरासरी 120 महिने वा अधिक टिकणारे उच्च, 60 ते 120 महिने टिकणारे मध्यम आणि त्याहून कमी टिकणारे अल्प टिकाऊ. आंबा शेवटच्या गटात मोडतो. साग पहिल्यात, परंतु केवळ त्याचा गाभा. गाभ्यातील टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये वाळवीला नकोशी असतात. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात ती नसल्यासारखीच, उलट तेथे पिष्ट असते. सायनोझायलॉनसारखे पीठ पाडणारे भुंगेरे त्यावरच जगतात. कमी वयाच्या लागवडीतील सागात हा फिकट भाग बराच असतो. दुकानात ‘साग’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. फळीची कड पाहावी.

आम्ही 40 मिमी जाडीच्या गाभ्याच्या फळ्या घेतल्या. दोन फळ्यांमध्ये पाच मिमी फट सोडली, म्हणजे पाणी निथळते आणि पावसाळ्यात लाकूड फुगले तरी फळ्या एकमेकींना ढकलत नाहीत. स्क्रू खालून, अँगलमधील लांबट छिद्रांतून बसवले. लोखंड आणि लाकूड यांमध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या.

औषधाविषयी थोडे सविस्तर. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे प्रसिद्ध मिश्रण सोंती कामेशम यांनी 1933 मध्ये डेहराडून येथेच शोधले आणि ते जगभर वापरले गेले. ते अत्यंत परिणामकारक आहे. तरीही ज्या माथ्यावर बियाणे निवडले जाते, कोणीतरी डबाही उघडते, तेथे आर्सेनिक नको. अमेरिकेतही घरगुती वापराच्या लाकडासाठी ते 2003 अखेर बंद झाले. बोरॅक्स व बोरिक आम्ल सौम्य आहे, पण पावसात धुऊन जाते. छपराखालच्या लाकडाला ठीक. जळके इंजिन ऑइल फासण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. ते हाताला, बियाण्याला आणि मातीला लागते. आम्ही फक्त उकळलेले जवसाचे तेल लावतो, फळ्यांच्या टोकांना दोनदा, कारण पाणी तेथूनच सर्वाधिक शोषले जाते. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; सुकताना ती तापून आपोआप पेट घेतात. उन्हात सुटी पसरावीत.

काळा भुंगा, म्हणजे झायलोकोपा, कधीमधी फळीला भोक पाडू पाहतो. त्याला मारू नये. तूर आणि वेलवर्गीय फुलांवर तो उपयोगी परागवाहक आहे. शेडमागे शेवग्याचा एक वाळका ओंडका टांगून ठेवला, बहुतेक भुंगे तिकडे वळले.

यंदा ऑगस्टमध्ये वायव्येकडील ठोकळ्यावर वीतभर लांबीची नळी दिसली. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा अर्धी बांधलेली होती, पुन्हा काढली. आता दर सोमवारी सापळ्यांची मोजणी करण्याआधी चारही ठोकळ्यांभोवती एक फेरी होते आणि तिची नोंद सापळ्यांच्याच वहीत शेवटच्या रकान्यात होते.