डिस्चार्ज बुक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

“फौजेच्या रेकॉर्डवर एकदा चढलं ते चढलं. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.” माजी सैनिकांच्या मेळाव्यात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या व्हरांड्यात, अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या घरटी फौजी असलेल्या गावांत हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकू येतं की ऐकणाऱ्याला तो लष्करी कायदाच वाटावा. बोलणाऱ्याला विचारा, ‘नाना, तुम्ही अर्ज केला होता का?’ उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. अर्ज न करताच निकाल लागलेला असतो. १९६५ किंवा १९७१ च्या लढाईत जखमी झालेला माणूस ‘साधी दुखापत’ अशा शेऱ्यावर आयुष्य काढतो. तो गेल्यावर त्याची बायको तेच डिस्चार्ज बुक कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवते.

मुळात ‘रेकॉर्ड’ म्हणजे कुठेतरी तिजोरीत ठेवलेली एकच वही नाही. जवान युनिटमध्ये असताना त्याची बदली, बढती, लग्न, मूल, जखम, दवाखान्यातली भरती असं जे जे घडतं, त्याची पार्ट टू ऑर्डर निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, ती चढते. डिस्चार्ज बुकात उतरतो तो या सगळ्याचा सारांश. शिवाय वैद्यकीय बोर्डाची कागदपत्रं वेगळी, जखमेचा अहवाल वेगळा, चौकशी झाली असेल तर तिचे कागद वेगळे आणि युनिटची युद्ध-दैनंदिनी त्याहून वेगळी. इतक्या हातांतून गेलेल्या नोंदीत चूक राहू शकते. लढाई चालू असताना तर हमखास राहते. खंदकातून थेट फील्ड हॉस्पिटलला हलवलेल्या जवानाची ऑर्डर काढणारा कारकूनही त्याच धामधुमीत असतो.

आणि हे कागद एकमेकांशी जुळतीलच असंही नाही. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी जनरल व्ही. के. सिंग यांचं प्रकरण आठवावं. लष्करप्रमुखपदावर बसलेल्या माणसाची जन्मतारीख लष्कराच्याच एका शाखेत १० मे १९५० आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१ अशी होती. प्रमुखांच्या नावे दोन तारखा नांदू शकतात, तर शिपायाच्या जखमेचं वर्णन दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं गेलं यात नवल काय?

आता मुख्य मुद्दा, नोंद बदलते की नाही. बदलते. चुकीच्या नोंदीवर दुरुस्तीची नवी पार्ट टू ऑर्डर निघते आणि पेन्शनवर परिणाम होत असेल तर प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघतो. रेकॉर्ड ऑफिसचं हे रोजचं काम आहे. तिथे दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि २००९ पासून कामाला लागलं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. कायद्याच्या कलम १४ खाली सेवेसंबंधीच्या तक्रारी तिथे जातात आणि माजी सैनिकच नव्हे, त्याचे वारसही जाऊ शकतात.

युद्धाची नोंद न्यायालयाने बदलायला लावल्याचं उदाहरण हवं असेल तर ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचं घ्या. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे ते कमांडर होते. तेव्हाच्या कोअर कमांडरनी त्यांच्या युद्धातील कामगिरीचा जो अहवाल लिहिला, तो पूर्वग्रहाने लिहिला गेल्याची त्यांची तक्रार होती. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील प्रमुख खंडपीठाने ती मान्य केली, तो अहवाल रद्दबातल ठरवला आणि लष्कराच्या युद्धवृत्तांतातही त्यानुसार दुरुस्ती करायला सांगितलं. युद्ध १९९९ चं, निकाल २०१० चा, आणि मधल्या काळात ब्रिगेडियर निवृत्तही झालेले. ‘डिस्चार्ज झाला की विषय संपला’ म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा पुन्हा वाचाव्यात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ते साहेब होते, आपण जवान.’ ठीक. मग धरमवीर सिंग यांचा निकाल घ्या. सिग्नल्समधला हा जवान नऊ वर्षांच्या नोकरीनंतर अपस्मारामुळे घरी पाठवला गेला आणि ‘आजाराचा नोकरीशी संबंध नाही’ असं म्हणून त्याचं अपंगत्व पेन्शन नाकारलं गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी ज्याच्या वैद्यकीय कागदावर कोणताही आजार लिहिलेला नाही, त्याला पुढे आजार जडला तर तो नोकरीमुळे जडला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. भरतीच्या कागदावर नोंद नसणं म्हणजे आपल्या विरुद्ध पुरावा, हा गावोगाव घोकला जाणारा समज या निकालाने उलटा केला आहे.

‘पण माझे कागदच जाळून टाकलेत’ असं म्हणणाऱ्यांचा राग मात्र मी समजू शकतो, कारण त्यात निम्मं सत्य आहे. लष्कराच्या १९८७ च्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ प्रमाणे पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी आणि पेन्शनरची ५० वर्षांनी नष्ट करता येतात. म्हणजे १९७१ ची लढाई लढून १९७६ साली पेन्शनशिवाय घरी आलेल्या जवानाची फाइल २००१ च्या सुमारास संपते. पण लाँग रोल नष्ट होत नाही. तो कायमस्वरूपी ठेवायचा दस्तऐवज आहे. क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि सुटण्याचं कारण त्यात असतं. ‘फाइल नष्ट झाली आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं तर तिथे न थांबता लाँग रोलची प्रत लेखी मागावी. युनिटची युद्ध-दैनंदिनी हा आणखी एक धागा. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणाप्रमाणे अशी कागदपत्रं साधारण २५ वर्षांत खुली करायची आहेत, आणि त्याहून जुनी तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायची आहेत. तुकडी कोणत्या तारखेला कुठे होती हे तिथे सापडू शकतं. तुम्हाला छर्रा कुठे लागला हे सापडेलच असं नाही.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी, कारण उलट्या टोकाचा भ्रमही तितकाच पसरलेला आहे. ‘मी सांगतो ना, मी होतो तिथे’ एवढ्याने नोंद बदलत नाही आणि बदलूही नये. पन्नास वर्षांनी आठवणी एकमेकींत मिसळतात. बटालियनची लढाई आपल्या कंपनीची होते आणि दुसऱ्याने सांगितलेला प्रसंग आपण पाहिलेला वाटू लागतो. यात लबाडी नसते, वय असतं. म्हणून त्या काळातल्या कागदाला, मग ते दवाखान्याच्या भरतीचं चिटोरं का असेना, आज केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त किंमत मिळते. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत, पण त्यांच्याच भरवशावर राहू नये. फार उशिरा आलेल्या, मधल्या काळात कागद नष्ट झालेल्या अनेकांचे अर्ज न्यायाधिकरणाने फेटाळलेही आहेत. दार उघडं आहे म्हणजे प्रत्येकाला आत पाट मांडलेला आहे असं नव्हे.

मग कोणती नोंद दुरुस्त करण्यासाठी धडपड करावी? माझ्या मते सगळ्यात आधी जखमेच्या प्रकाराची. तिथे मान आणि पैसा दोन्ही अडकलेले असतात. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने अपंगत्वाचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले. नोकरीमुळे आलेलं अपंगत्व ‘बी’ किंवा ‘सी’ वर्गात पडतं, युद्धजखम ‘ई’ वर्गात. त्या पत्राप्रमाणे शंभर टक्के अपंगत्वाला साध्या अपंगत्व पेन्शनचा अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. युद्धजखमेमुळे सेवेतून बाहेर पडावं लागलेल्याला मात्र तोच भाग शेवटच्या वेतनाइतका मिळतो. एका अक्षराच्या चुकीने घरातली चूल निम्म्यावर येते. (२१ सप्टेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना नवे नियम आहेत. जुन्या लढायांतल्या जखमींनी त्यांची धास्ती घेऊ नये.)

‘शत्रूची गोळी लागली तरच युद्धजखम’ हे चहाच्या टपरीवरचं शास्त्र याच ठिकाणी सगळ्यात जास्त नुकसान करतं. ‘ई’ वर्गात सीमेवर सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेले अपघातही येतात, सुरुंग आपलेच असले तरी. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे सीमेवरच्या मोठ्या सैन्य-तैनातीत, असे अपघात पुष्कळ झाले. युद्धक्षेत्राकडे जाताना फुटलेला सुरुंगही त्यात आहे. तेव्हा ‘अपघाती’ हा शब्द दिसला की ट्रंक बंद करू नका. अपघात कुठे आणि कोणतं काम करताना झाला ते बघा.

बाकीचे गैरसमज फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत.

लष्कर माहिती अधिकारात येत नाही म्हणे. येतं. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आसाम रायफल्स या संघटना त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, लष्कर नाही. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती मिळणार नाही, पण स्वतःच्या शीट रोलची प्रत मागण्याने देशाला धोका होत नाही. अर्जाची फी दहा रुपये. माहिती अधिकारातून कागद मिळतो, दुरुस्ती होत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

पदक आहे म्हणजे लढाईत जखमी झाल्याचा पुरावा आहे? बहुधा नाही. बहुतेक पदकं सेवेचा पुरावा असतात, जखमेचा नव्हे; लढाईतल्या जखमेसाठीच दिलं जाणारं पदक तेवढं अपवाद.

जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळते? जवळजवळ कधीच नाही. जनरल सिंग यांनाही सर्वोच्च न्यायालयातली आपली याचिका फेब्रुवारी २०१२ मध्ये मागे घ्यावी लागली होती. त्या नादाला लागू नये.

नोंद दुरुस्त झाली की चाळीस वर्षांची थकबाकी एकरकमी मिळते, हे एजंट लोक सांगतात, कारण त्यावरच त्यांची टक्केवारी ठरते. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सोळा वर्षं उशिरा आलेल्या जवानाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मानला, पण थकबाकी न्यायालयात जाण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली. पेन्शन दर महिन्याला नाकारलं जातं, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही. गेलेली वर्षं मात्र गेली.

लढाईशी संबंध नसलेली, पण आपल्याकडे सर्रास दिसणारी एक भानगडही सांगून टाकतो. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. जवानाने लग्नाच्या नोंदीत माहेरचं नाव दिलेलं, आधार कार्डावर सासरचं, आणि बँकेत ‘बाई’ लागलेलं तिसरंच. तो हयात असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शनसाठी त्या बाईला आपण तिघी एकच आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं. ही दुरुस्ती सगळ्यात सोपी आहे आणि ती नवऱ्याने जिवंतपणीच करून ठेवायची आहे. एवढंही जे करत नाहीत त्यांनी सरकारला शिव्या देऊ नयेत.

अर्ज कुठे करायचा तेही अनेकांना माहीत नसतं. मंत्रालयात नाही, आमदाराकडे नाही, आणि दिल्लीला तर मुळीच नाही. आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहून द्यायला आणि पुढे पाठवायला मदत करतं, तेही फुकट. अर्जात एकच चूक, एकच मागणी आणि तिचे पुरावे असावेत. शौर्यगाथा घरच्यांना सांगावी. रेकॉर्ड ऑफिसच्या कारकुनाला तारीख, क्रमांक आणि जोडपत्र हवं असतं.

अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या तारखेपासून सहा महिने मोजा. तोवर निर्णय आला नाही तर दाद मागण्याचे खात्यातले मार्ग संपले असं न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम २१ मानतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता.