काळी असली तरी...

मैत्रिणींनो, ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो,’ हे तुम्ही कितीदा ऐकलंय? आणि खरं सांगा, कितीदा म्हटलंय? आमच्या मालवणात बारशापासूनच सुरुवात. आजी पाळण्यात डोकावते नि म्हणते, ‘रंग बापाशीचो घेतल्यान गो!’ पुढे मग ‘उन्हात दर्यावर जाऊ नको’, ‘हा रंग तुला खुलत नाही’. बोलणारी मायेचीच असते, म्हणून तर उलट उत्तर देता येत नाही. मुलगी हसते नि गिळते.

‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली बाजारात आलं. २०२० साली त्याच्या नावातलं ‘फेअर’ गेलं; आपल्या तोंडातलं ‘तरी’ काही जाईना. त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून आपलं रक्षणच करतं, ते सायीने धुऊन निघायचं नाही, हे का मला ठाऊक नव्हतं? पण दर रविवारी भाचीच्या तोंडाला मी साय-हळद चोळायची. दहावीला वर्गाचा फोटो निघाला, त्यात ही नाही! विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, जरा उजळू दे की. मग काढीन.’