मेंदूच्या घडणींतील सूक्ष्मनलिका

गर्भांतील बालकाचा मेंदू कसा घडतो, हा विषय प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे. मज्जापेशी आरंभीं वाटोळी असते. पुढें तिला एक लांब तंतु फुटतो, तोच अक्षतंतु. कण्यापासून पायाच्या बोटांकडे जाणारा असा तंतु प्रौढ माणसांत सुमारें १ मीटर लांब असतो. इतक्या नाजूक धाग्यास आंतून आधार देतात त्या सूक्ष्मनलिका.

ही नलिका ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाच्या कणांची बनते. कणास कण जोडून पदर होतो व बहुधा १३ पदर मिळून पोकळ नळी तयार होते. तिची जाडी सुमारें २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा ४०,०००वा भाग! ती वाढतां वाढतां एकाएकीं ढासळते व पुन्हा वाढूं लागते, असें टिमथी मिचिसन व मार्क कर्शनर यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. तंतूच्या अग्रास वाट शोधावयाची असते. जावयाच्या दिशेकडील नलिका टिकाव्या व इतर मोडाव्या, म्हणजे त्यास वळतां येतें.

कोणती नलिका टिकावी, हें इतर प्रथिनें ठरवितात. टाऊ हें प्रथिन नलिका जुळविण्यास साह्य करतें, असें १९७५ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांत आढळलें. तें मुख्यतः अक्षतंतूंत असतें. त्यास फॉस्फेट चिकटलें कीं त्याची नलिकेवरील पकड बहुधा सैल होते. तें सुटलें कीं पुन्हा घट्ट होते. कॅटॅनिन हें प्रथिन मात्र नलिका कापतें. जपानी भाषेंत 'कताना' म्हणजे तरवार, त्यावरून हें नांव पडलें. आपल्या 'कर्तन' शब्दाशीं असलेलें साम्य केवळ योगायोगाचें.

यांपैकीं एकच प्रथिन बिघडलें तर काय होतें? डबलकॉर्टिन हें प्रथिन नलिकांस स्थैर्य देतें. त्याच्या जनुकाचा शोध १९९८ सालीं लागला. गर्भावस्थेंत मज्जापेशी मेंदूच्या आंतल्या भागांतून पृष्ठभागाकडे प्रवास करतात. हें प्रथिन सदोष असल्यास त्या वाटेंतच थांबतात. हें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. मुलग्यास तें गुणसूत्र एकच असल्यामुळें त्याच्या मेंदूस वळ्या नीट पडत नाहींत. मुलींत दुसरें निर्दोष असल्यानें बहुधा नेहमींच्या थराखालीं पेशींचा एक जादा थर राहतो. अशा मुलांस अपस्मार जडतो व बुद्धीची वाढ कमीअधिक खुंटते.

अशा प्रसंगीं घरांत पहिला बोल बहुधा आईस लागतो: ग्रहण पाळलें नाहीं, अमुक खाल्लें, तमुक केलें. वास्तविक हा दोष पुष्कळदां बालकांतच नव्यानें उद्भवतो. कधीं तो मातेकडून, तिच्याही नकळत, येतो. तिच्या आचरणाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. अपस्मारावर औषधोपचार करतां येतो व पुढील अपत्याविषयीं जनुकतज्ज्ञाचा सल्ला मिळतो. वडीलधाऱ्या मंडळींनीं तिकडे लक्ष द्यावें आणि आधींच दुःखांत असलेल्या मातेस दोष न देतां धीर द्यावा.